उर्वशीच्या नावाची गोळी

साबिरा सिस्टरच्या खोलीत सुटी गोळी चालत नसे. सुटी म्हणजे पाकिटाबाहेरची. आलापल्लीहून बावीस किलोमीटर आत, सागाच्या जंगलात एक आश्रमशाळा होती आणि त्या शाळेत साबिरा नऊ वर्षं कंत्राटी नर्स होती. या नऊ वर्षांत तिने दोन मुख्याध्यापक आणि तीन स्वयंपाकी पचवले होते, पण भिंतीवरचे नियम काही बदलले नव्हते. ते तिने स्वतःच्या हाताने निळ्या रंगात लिहिले होते. औषध कंपनीच्या पाकिटातच आणायचं. सोबत डॉक्टरची चिठ्ठी, तिच्यावर मुलाचं नाव. आईची नाहीतर बापाची सही, नसेल येत तर अंगठा. सुटं औषध आणल्यास जमा करून नष्ट केलं जाईल. आणि चालू औषध पालकांनी परस्पर बंद केल्यास मुलाला शाळेत ठेवता येणार नाही.

हे नियम काही हौसेने केलेले नव्हते. पहिल्याच वर्षी कुणा मामाने भाच्यासाठी किराणा दुकानातून कागदाच्या पुडीत तापाच्या गोळ्या आणल्या होत्या. त्या कसल्या होत्या देव जाणे, पोरगं तीन दिवस डोळे फिरवत पडलं. तेव्हापासून साबिराने मन घट्ट केलं. शाळेत तीनशे मुलं, त्यातल्या चौदा जणांना सिकलसेल, दोघांना मिरगी, एकीला दमा. एवढ्यांची औषधं सांभाळायची तर माया दाखवून भागत नाही, असं ती म्हणे, आणि तिचं म्हणणं चूक होतं असं कोणाला म्हणता यायचं नाही.

पालकांपैकी वाचता येणारे थोडे. म्हणून मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, लोक मुलांना भेटायला आले की ती सगळ्यांना व्हरांड्यात बसवून नियम मोठ्याने वाचून दाखवी. कोणी कुरकुर केली, की तिच्याकडे एक उदाहरण तयार असे.

"त्या इसरूभाऊले पाहा," ती म्हणे. "पयल्या खेपेले आला होता सुट्ट्या गोळ्या घेऊन. मी म्हटलं, चिठ्ठी आन. दुसऱ्या खेपेले सगळं बरोबर. चिठ्ठी, कार्ड, पाकीट, अंगठा. तो जंगलातला मानूस शिकला, मंग तुमाले काऊन नाई जमत?"

इसरू तिथेच कोपऱ्यात बसलेला असे. नदीपलीकडच्या गावातला माडिया माणूस, अंगाने काटक, बोलायला अगदी कमी. त्याची मुलगी उर्वशी सहावीत होती आणि तिला सिकलसेल होता. दर महिन्याला तो तालुक्याच्या दवाखान्यातून तिच्या गोळ्या आणून साबिराच्या हातात देई. स्वतःची स्तुती ऐकून तो कधी हसला नाही, की मान वर केली नाही. साबिराला वाटे, लाजतो.

उर्वशी मुलगी शहाणी होती, पण तिच्या काही काही गोष्टी चमत्कारिक होत्या. हाक मारली की पहिल्या हाकेला ती कधी बघत नसे. दुसऱ्या हाकेला बघे, तेही कोणीतरी खांदा हलवून सांगितल्यासारखं. सकाळचं जेवण झालं की साडेदहाला औषधवाली मुलं खोलीत येत. बाकीची गोळी तोंडात टाकून, पाणी पिऊन पळत. उर्वशी गोळी तळहातावर ठेवी, मान डावीकडे वळवी, ओठ हलवी, थोडं थांबे आणि मग गिळे. साबिराला पहिल्यांदा वाटलं देवाचं नाव घेत असेल. तिचा स्वतःचा बिस्मिल्लाशिवाय घास उतरत नसे, तेव्हा तिने त्यात काही विचारलं नाही.

पण पोरी एकमेकींत बोलत. उर्वशी गोळी विचारून घेते, असं त्या म्हणत. कोणाला विचारते, ते सांगत नसत. ताटातला शेवटचा घास ती ठेवून देते. खाटेवर एका कडेला झोपते आणि अर्धी खाट रिकामी सोडते, तिथे कोणी बसलं तर हात धरून उठवते. एकदा स्वयंपाकीण शकुबाई साबिराजवळ कुजबुजली, "सिस्टरबाई, त्या पोरीवरून काईतरी उतरवून टाका. मी वाढतो तं मले दोघी उभ्या हाय असं वाटते." साबिराने तिला झाडलं. डोळ्यांचा नंबर काढून घे म्हणाली.

फेब्रुवारीत उर्वशीला ताप आला. तोंडात फोड आले, इतके की भाताचं पाणीसुद्धा झोंबायला लागलं. चार दिवसांत ताप उतरेना, तेव्हा साबिरा तिला तालुक्याला घेऊन गेली. तिथल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. आवाज काळजीचा होता. पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्या होत्या.

"मुलीचं वय तेरा झालं म्हणून जूनमध्ये डोस वाढवलाय," त्या म्हणाल्या. "पण तेरा वर्षांची दिसत नाही हो ती. वजन पाहा. आणि दुसरं एक विचारायचंय. हिला वेदनेचा झटका शेवटचा कधी आला होता?"

साबिराने आठवून पाहिलं. सिकलसेलची मुलं थंडीत हातपाय धरून रडतात, सांधे सुजतात, रक्त चढवावं लागतं. चौदा जणांपैकी प्रत्येकाचा एकेक झटका तिच्या डोळ्यांपुढे होता. उर्वशीचा एकही आठवेना.

"आलाच नाही, मॅडम. पाच वर्षांत एकदाही नाही."

"गोळी आजपासून बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि मला तिचे अगदी पहिले कागद पाहायचेत. शोधून ठेवा."

दुपारी खोलीत कोणी नव्हतं. बाहेरून सूरजागडच्या खाणीकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज येत होता, आणि कपाट कितीही पुसलं तरी त्याच्यावर लाल धूळ बसतच होती. साबिराने उर्वशीची फाईल काढली. वरती सहावीचे कागद, मग पाचवीचे, मग चौथीचे. सगळ्यात खाली एक पिवळा पडलेला फॉर्म होता. प्रवेशाच्या एक वर्ष आधीचा, जूनमधला. त्या वर्षी प्रवेश झालाच नव्हता. फॉर्मवर सात वर्षांच्या मुलीचं नाव होतं, उर्वशी इसरू. ओळखीची खूण: डाव्या कानामागे भाजल्याचा मोठा डाग. आणि खाली साबिराच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात एक ओळ. चिठ्ठी नाही. मुलीस बापासोबत परत पाठवले.

ती उठली आणि शेजारच्या खोलीत गेली. तिथे खाटेवर मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. साबिराने तिचे केस हलकेच बाजूला केले. डाव्या कानामागची कातडी साफ होती. उजव्या कानामागे पाहिलं, तिथेही काही नव्हतं. भाजल्याचा डाग अंगाबरोबर वाढतो, पण जात नाही, हे नर्सला कोणी सांगायला लागत नाही.

"उर्वशी," तिने हाक मारली. मुलगी हलली नाही. "बेटा, हा कानामागचा डाग कुठी गेला?"

"तो मोठीले होता," मुलगी भिंतीकडे बघूनच म्हणाली. "मले नाई. मी बुधरी."

"आणि उर्वशी कुठी हाय?"

"मेली." मुलगी कुशीवर वळली. ताप होता तरी डोळे स्वच्छ होते. "पन गोळीच्या टायमाले येते. मी तिले विचारूनच घेतो. तिची हाय ना ती."

साबिराला भीती वाटली. भुताची नव्हे. भूतखेत तिने आयुष्यात मानलं नव्हतं आणि त्या दुपारीही मानलं नाही. भीती वाटली ती त्या एका ओळीची, जी तिच्याच पेनाने लिहिलेली होती. त्या खेपेला बापासोबत मुलगीही होती, हे तिला अजिबात आठवत नव्हतं. त्या दिवशी प्रवेशाला दीडशे पोरं रांगेत होती. त्यात एक पोर बापाचं बोट धरून उभी असेल. साबिराने तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नसेल, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरीच पोर समोर आलेली तिला कळलं नसतं का? आणि गेली पाच वर्षं दर मंगळवारी ती त्या बापाला कोपऱ्यात बसवून त्याचंच उदाहरण देत होती.

मुख्याध्यापक गुणवंतराव सिंदेवाहीकडचे, घरची धानाची शेती, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे पान कोनी पाह्यलं?"

"मी. आता तुमी."

"मंग बस झालं." त्यांनी पान तिच्याकडे सरकवलं. "मॅडम, डॉक्टर म्हनते गोळी बंद, तं गोळी बंद करा. पन नावाले हात नका लावू. ही गोष्ट वर गेली का प्रवेश खोटा, आधार खोटा, दाखला खोटा. पोरीचं नाव त्याच दिवशी कटते. घरी जाईन, दोन वर्षांत लगीन लावून देतीन. शिकून राह्यली, खाऊन राह्यली, कायले उकरता?"

"आणि उद्या तिले काई झालं तर? दवाखान्यात नेलं, कार्ड दाखवलं, तर डॉक्टर मेलेल्या पोरीच्या रक्तावर इलाज करतीन, सर. हिच्यावर नाई."

गुणवंतराव वाईट माणूस नव्हते. "तुमची नोकरी जाईन," ते शेवटी म्हणाले, आणि तेही खरंच होतं. एकतीस मार्चला तिचा करार संपत होता.

साबिराने पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. संध्याकाळी बसमध्ये तिने ते दोनदा बाहेर काढलं. फाडून खिडकीतून टाकलं असतं तर चार वळणांत जंगलाने गिळलं असतं. बोटांनी कोपरा धरलाही होता, हे तिने नंतर नवऱ्यालाही सांगितलं नाही.

आठवड्याने ताप उतरला. तिने शाळेत गोळी थांबवली होती, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. इसरूच्या घरी पाकिटं होती. होळीच्या सुट्टीत मुलगी घरी जाणार, आणि नियम पाळणारा तो माणूस तिला रोज न चुकता गोळी देणार. म्हणून शनिवारी साबिराने स्कूटीवर मागे मुलीला बसवलं आणि ती नदीपलीकडे निघाली. पात्रात वीतभर पाणी होतं. पावसाळ्यात बुडणारा बुटका पूल, ज्याला इकडे रपटा म्हणतात, तो आता कोरडा ठणठणीत होता. साग पानं टाकून उघडे उभे होते. मागे बसलेली मुलगी मध्येच हळू आवाजात बोलत होती. साबिराने विचारलं, काही म्हणालीस का? मुलगी म्हणाली, तुले नाई.

इसरूचं घर गावाच्या टोकाला होतं. त्याची बायको जुरी अंगणात सुपाने धान पाखडत होती. तिला मराठी येत नव्हतं. इसरूने खाट टाकली, पाण्याचा लोटा दिला आणि जमिनीवर बसला. शाळेच्या नर्सबाई घरी आल्या म्हणजे काय झालं असणार, हे त्याला कळलं होतं. त्याने लपवायचा प्रयत्न केला नाही.

"तू म्हनली चिठ्ठी आन," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. माडिया माणूस मराठी बोलताना सगळ्यांनाच तू म्हणतो, कलेक्टरलाही. "मी गेलो. डाक्टर नाई. मंग गेलो, डाक्टर मिटिंगले. मंग पानी लागला. रपटा बुडला, आठ दिवस. तिसऱ्या खेपेले सारं भेटलं. चिठ्ठी भेटली, कार्ड भेटला, पाकीट बी. घरी आलो तं तिले जाऊन तीन दिवस झाले होते."

साबिराने लोटा खाली ठेवला. "घरी गोळ्या होत्या ना, इसरूभाऊ? त्या सुट्ट्या. पानी लागला तवा त्या द्याच्या होत्या."

इसरूने तिच्याकडे पाहिलं. तिला खरंच आठवत नाही की काय, असं त्याला वाटलं असावं.

"त्या तू ठेवून घेतल्या," तो म्हणाला. "भिजलं होतं पाकीट, म्हनून मी धोतरात बांधून आनल्या होत्या. तू म्हनली सुट्टं चालत नाई. मागं खड्डा होता, त्यात टाकल्या."

आता तिला आठवलं. पोर आठवली नाही, बापाचा त्या दिवशीचा चेहरा आठवला नाही, पण खड्डा आठवला. वसतिगृहाच्या मागचा चुन्याचा खड्डा, आणि त्यात पडताना पांढऱ्या गोळ्यांचा झालेला बारीक आवाज. आपण नियमाने वागलो याचं तिला तेव्हा समाधान वाटलं होतं. हे समाधानसुद्धा आठवलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

"पुढच्या सालाले मास्तर आला," इसरू सांगत होता. "पोरगी दे म्हने शाळेत. हिचा कागद नाई. घरीच झाली, कुठी लिवलीच नाई. तिचे सारे कागद होते. एवढा हिंडलो त्याच्यासाठी. म्हटलं, ही जाईन."

"पन गोळी काऊन द्याची, भाऊ? ही तं चांगली होती."

"तूच वाचून दाखवलं. गोळी बंद केली तं शाळेत ठेवनार नाई." त्याने हात पसरले. "म्हनून एक दिवस चुकवली नाई."

इतका वेळ गप्प असलेली जुरी बोलायला लागली. सूप मांडीवर ठेवून, खाली बघत, एका सुरात. इसरू उठून बाहेर गेला. तेव्हा मुलगी दोघींच्या मध्ये बसली आणि आईचं बोलणं मराठीत सांगू लागली.

"आई म्हनते, तवा तिले गोळी नाई भेटली. आता रोज भेटते. तिच्या नावानं भेटते, तं ती शांत हाय." मुलगी थांबली, आईचं पुढचं ऐकलं. "पयले शांत नव्हती. नदीवरून हाका मारे. मी शाळेत गेली, मंग हाका बंद झाल्या. आई म्हनते, आमच्यात मानूस गेला का त्याचा दगड रोवते. तिचा रोवला नाई. ती शाळेत हाय, गोळी खाते, मंग दगड कसा रोवाचा?"

अंगणात भरदिवसाचं ऊन होतं. कोंबड्या दाणे टिपत होत्या. साबिराने पदराने दोन्ही हात झाकून घेतले.

"आईले सांग," ती म्हणाली, "ही गोळी ज्याले दुखनं हाय त्याले तारते. ज्याले नाई, त्याचं रक्त खाते. अशीच देत राह्यली, तर तू बी..." आणि तिला शब्द सापडेना, कारण ज्या पोरीबद्दल बोलायचं तीच ते पोचवणार होती.

"मी बी काय?" मुलीने विचारलं.

"तू बी जाशीन."

मुलीने ते आईला सांगितलं. अगदी तसंच, चढउतार न करता. जुरीने सूप बाजूला ठेवलं. तिने मुलीची हनुवटी धरली, तोंड उघडायला लावलं आणि उन्हाकडे वळवून आतले फोड पाहिले. वाळलेले, अर्धवट भरलेले. एकेक मोजल्यासारखे पाहिले. मग ती घरात गेली, कौलाखालून प्लास्टिकची पिशवी काढून आणली आणि साबिराच्या पायाशी ठेवली. त्यात चार पाकिटं होती. गोळी बंद केल्याचा कागद साबिराने सोबत आणला होता, त्याच्यावर अंगठाही तिने स्वतःच पुढे होऊन दिला.

मग तिने काहीतरी विचारलं. साबिराने मुलीकडे पाहिलं.

"काय म्हनते?"

"आई विचारते, मंग मोठीले काय सांगू? तिची गोळी कोनी बंद केली म्हनून सांगू?"

साबिराला सांगता आलं असतं की डॉक्टरने केली. ते खोटंही नव्हतं.

"सांग, नर्सनं तिले परत पाठवलं होतं," ती म्हणाली. "तिच्या गोळ्या नर्सनं फेकल्या. बाप हिंडला, त्याची चूक नाई. आईची नाई, तुही नाई. माझं नाव सांगा तिले. साबिरा."

मुलीने सांगितलं. जुरीने ते नाव उच्चारून पाहिलं. साबिरा. नीट आलं नाही, पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा बरोबर आलं. चौथ्यांदा तिने ते तोंडातल्या तोंडात म्हटलं, परक्या घरी निरोप नेणारं माणूस नाव विसरू नये म्हणून म्हणतं तसं. हे नाव आता कुठे पोचवलं जाणार आहे, ते साबिराला समजलं. परत जाताना रपट्यावर तिने स्कूटी जोरात काढली आणि मागे एकदाही पाहिलं नाही.

सोमवारी तिने गुणवंतरावांच्या टेबलावर दोन पानांचा अर्ज ठेवला. पहिल्या पानावर लिहिलं होतं की प्रवेशाच्या वेळी मोठ्या बहिणीचे कागद धाकटीच्या फाईलला साबिरानेच चुकून लावले, पालक निरक्षर आहेत, त्यांचा यात काही दोष नाही, तरी मुलीचं खरं नाव लावून तिला शाळेत चालू ठेवावं.

"मॅडम, हे खोटं हाय," गुणवंतराव म्हणाले.

"एवढं एक पान खोटं हाय, सर. दुसरं वाचा."

दुसऱ्या पानावर जूनमधला तो दिवस होता, तारखेसकट. मुलगी आली होती, औषध घेऊन आली होती, औषध नष्ट केलं, मुलीला परत पाठवलं, मुलगी वारली. पिवळा फॉर्म मागे टाचला होता. गुणवंतरावांनी ते पान दोनदा वाचलं. मग त्यांनी शिक्का काढला, दोन्ही पानांवर मारला आणि अर्ज वर पाठवायच्या टपालात ठेवला. निकाल यायला महिने लागणार होते. तोवर त्यांनी सहावीच्या हजेरीत उर्वशी या नावासमोर स्वतः पेन्सिलीने बुधरी लिहिलं. वर्गात बाईंनी ते नाव घेतलं तेव्हा मुलगी पहिल्याच हाकेला उठून उभी राहिली.

ते दोन दिवस साबिराला रात्रंदिवस हलकं वाटलं. नोकरी जाणार होती, त्याचंही काही वाटेना. नवऱ्याला, नदीमला, तिने घरी सगळं सांगितलं. तो रंधा बाजूला ठेवून ऐकत राहिला आणि म्हणाला, "ठीक किया तूने." जे झालं ते परत येणार नव्हतं, पण निदान कागदावर तरी जी मेली ती मेली आणि जी जिवंत ती जिवंत, असं झालं होतं. माणसाच्या हातात याहून जास्त काय असतं, असं ती स्वतःला सांगत होती.

बुधवारी साडेदहाला औषधवाली मुलं आली आणि गेली. साबिराने कपाट बंद केलं, तर समोर बुधरी उभी.

"तुही गोळी आता नाई, बुधरी. संपलं ते."

"मालूम हाय."

"मंग काय दुखते?"

मुलीने मान हलवली. काही दुखत नव्हतं. तोंडातले फोडही बरे झाले होते, गालावर जरा रंग आला होता. ती दाराकडे पाहत होती.

"ती आली हाय," बुधरी म्हणाली. "आईनं तुहं नाव सांगतलं तिले."

साबिराचा हात कपाटाच्या कडीवरच राहिला. "कुठी हाय?"

"भायेर उभी हाय. मी म्हटलं आत चाल, तं येत नाई. म्हनते, मागच्या खेपेले आत आली होती तं परत पाठवलं. बाई बोलावतीन तवाच येईन."

व्हरांड्यात ऊन पडलं होतं. तिथे कोणी नव्हतं, हे साबिराला खोलीतूनच दिसत होतं. तरी ती दारापर्यंत गेली. सात वर्षांच्या पोरीचं तोंड किती उंचीवर असेल, त्या अंदाजाने तिने खाली पाहिलं. जे तोंड तिने एकदाही नीट पाहिलं नव्हतं, ते तिला आताही दिसलं नाही.

"ये, बेटा," ती म्हणाली, आणि आत यायला वाट व्हावी म्हणून चौकटीतून बाजूला सरकली.